गौतमीपुत्राचे हुकूम कोण वाचणार?

गुढीपाडवा जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शालिवाहन राजानं शकांचा पाडाव केला, त्या विजयाच्या आनंदात लोकांनी गुढ्या उभारल्या आणि त्याच दिवसापासून राजानं स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. मजकुराखाली तलवार उपसलेल्या राजाचं चित्र असतं. अलीकडे या शालिवाहनाच्या पुढे 'म्हणजेच गौतमीपुत्र सातकर्णी' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे सातवाहन घराण्यातला राजा. नववर्ष स्वागतयात्रेच्या रथावर, शाळेच्या फलकावर, पुढाऱ्याच्या शुभेच्छापत्रावर हीच गोष्ट थोड्याफार फरकानं सापडते.

गोष्ट म्हणून मला ती आवडते. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला पोर, त्यानं मातीचे शिपाई केले, त्यांच्यावर पाणी शिंपडून त्यांना जिवंत केलं आणि बलाढ्य शत्रूला पळवून लावलं, ही लोककथा आजीच्या तोंडून ऐकण्याजोगीच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या राजाच्या नावावर आपण ही कथा चिकटवतो, त्या राजाची कागदपत्रं (दगडावरची का होईना) आपल्याकडे शाबूत आहेत. त्यानं अधिकाऱ्यांना धाडलेले हुकूम आहेत, त्याच्या आईनं कोरून घेतलेला लेख आहे, त्याचा छाप मारलेली हजारो नाणी सापडली आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातल्या राजाबद्दल इतकं समकालीन साहित्य हाती असणं ही चैन आहे. आणि आपण ते बाजूला ठेवून मातीच्या शिपायांवर भागवतो.

आधी त्या शकाचं बघू. पंचांगात छापला जातो तो शालिवाहन शक इ.स. ७८ मध्ये सुरू होतो. भारत सरकारनं २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी हीच कालगणना घेतली, मात्र तिथं तिचं नाव नुसतं 'शक' आहे. 'शालिवाहन' हे नाव या शकाला जोडलं गेलं ते मध्ययुगात, कित्येक शतकांनंतर. बदामीच्या डोंगरावर पहिल्या पुलकेशीनं किल्ला बांधल्याचा लेख आहे, त्यात शकवर्ष ४६५ असा उल्लेख येतो, म्हणजे इ.स. ५४३. तिथं शालिवाहनाचा पत्ता नाही. आणि खुद्द गौतमीपुत्र? त्याचे हुकूम 'वर्ष १८' आणि 'वर्ष २४' असे आहेत, म्हणजे राज्यावर बसल्यापासूनची वर्षं. त्याच्या मुलाचे लेखही 'पुळुमावीचं १९ वं वर्ष', 'पुळुमावीचं २२ वं वर्ष' अशाच हिशेबानं चालतात. स्वतःचा शक सुरू केलेला राजा तो वापरत नाही आणि त्याचा मुलगाही वापरत नाही, हे पटायला जड आहे.

गौतमीपुत्राच्या काळाबद्दल अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. जुन्या आणि पुष्कळांनी मानलेल्या मांडणीत तो साधारण इ.स. १०६ ते १३० या काळात राज्य करत होता. दुसरी मांडणी त्याला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नेते. पहिली मांडणी घेतली तर मोठीच गंमत होते. त्याचा शत्रू नहपान याच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षं त्या मांडणीत शक कालगणनेतलीच धरली जातात. म्हणजे गौतमीपुत्रानं ज्याला हरवलं, तोच हा शक आधीपासून वापरत होता! दुसरी मांडणी घ्या, तरी राज्यवर्षांचा मुद्दा जागच्या जागी राहतोच. तेव्हा पाडव्याला गुढी खुशाल उभारावी, तिला गौतमीपुत्राच्या सहीची गरज नाही.

मग त्यानं केलं काय? युद्ध केलं, आणि मोठं केलं. त्याच्या आधी गुजरात, कोकण, नाशिक, जुन्नर, कार्ले एवढा पट्टा क्षहरात कुळातल्या नहपान या शक क्षत्रपाकडे, म्हणजे प्रांताधिपतीकडे, गेला होता. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी उतरून कल्याण आणि भडोचच्या बंदरांत जायचा, आणि समुद्रापलीकडून चांदी यायची. एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात, कल्याणला येणारी जहाजं पहाऱ्यात भडोचकडे वळवली जातात, अशी नोंद आहे. घाट आणि बंदरं ज्याच्या हातात त्याच्याकडे जकात, असं हे साधं गणित होतं. ही लढाई धर्माची किंवा संस्कृतीची असल्याचं आज सांगितलं जातं, पण भांडणाच्या मुळाशी असलेला हा नकाशा आधी डोळ्यांपुढे हवा.

शकांना 'परकीय, अधर्मी' ठरवणाऱ्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यातला नहपानाच्या जावयाचा लेख एकदा वाचावा. या जावयाचं नाव उषवदात, बायकोचं दक्षमित्रा. तो सांगतो, आपण तीन लाख गायी दान दिल्या, देवाब्राह्मणांना १६ गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. याच माणसानं बौद्ध भिक्षूंसाठी लेणं कोरलं आणि त्यांच्या खर्चाची कायमची तजवीज केली. ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४० कार्षापण, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला असलेल्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब अगदी काटेकोर आहे. गोवर्धन हे गाव नाशिकच्या शेजारी आजही आहे.

हा उषवदात, त्याचा सासरा आणि त्यांची सत्ता गौतमीपुत्रानं उखडली. आईच्या लेखात त्याला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटलं आहे, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. अभिमानाचे सगळे मजकूर या बिरुदावर येऊन थांबतात. माझ्या मते राजा खरा कळायला लागतो तो इथून पुढे.

१९०६ साली नाशिकजवळ, गोदावरी आणि दारणेच्या संगमावरच्या जोगलटेंभी गावी, चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० आणि ती मूळची सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. लिप्या तीन, ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला आहे, एकीकडे टेकडीचं चिन्ह आणि भोवती त्याचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली. ठसा मारताना आधीचं चित्र पुरतं पुसायची कुणी तसदी घेतलेली नाही. कित्येक नाण्यांवर सातवाहनांच्या टेकडीखालून नहपानाचं नाक नाहीतर हनुवटी बाहेर डोकावते.

याला आपण विजयाची निशाणी म्हणतो, आणि ती आहेच. पण विजयी राजाला ही चांदी वितळवताही आली असती. शत्रूचा चेहरा बाजारातून कायमचा घालवता आला असता. सातवाहनांची स्वतःची नाणी बहुतेक शिसं, तांबं आणि मिश्र धातूची. चांदीचा व्यवहार पश्चिमेच्या बंदरांमुळे या भागात मुरलेला होता. गौतमीपुत्रानं तोच चलनात राहू दिला, त्याच वजनाचा, त्याच किमतीचा, वर फक्त आपला शिक्का. नाशिकच्या विणकराच्या गल्ल्यात काल जे नाणं होतं तेच आज चालत होतं. त्या श्रेणींकडे ठेवलेल्या ३,००० कार्षापणांचं नव्या राज्यात काय झालं ते लेख सांगत नाहीत. पण नवा राजा आल्या आल्या जुनं चलन बाद ठरवता, तर आधी विणकर बुडाले असते आणि मग भिक्षू. रातोरात नोटा बाद झालेल्या देशात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

आता त्याचा पहिला हुकूम. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर छताला लागून तो कोरला आहे. राज्यवर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. राजा विजयी सैन्याच्या छावणीत आहे. तिथून तो गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला लिहितो, की अपरकखडी गावातलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत, जे आजवर उषवदाताच्या भोगवट्यात होतं, ते आम्ही तेकिरसीच्या, म्हणजे या त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. लढाई जेमतेम संपली आहे. हरलेल्या घराण्याच्या मालमत्तेचं काय करायचं हा प्रश्न समोर आहे, आणि राजा ती मालमत्ता त्याच डोंगरावरच्या लोकांकडे वळवतो, ज्यांचा उषवदातही दाता होता.

कार्ल्याचा पुरावा तर याहून बोलका आहे. तिथं वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच लेण्यांतल्या, भिक्षूंना करजिक गाव उषवदातानं दिल्याचा लेख आहे. त्याच चैत्यात दुसरा एक हुकूम कोरलेला आहे, मामालच्या म्हणजे मावळच्या अमात्याला पाठवलेला, तोही वर्ष १८ चा, आणि त्यातही करजक गाव वलूरकच्याच भिक्षूंना दिलं आहे. या लेखातलं राजाचं नाव झिजलं असलं, तरी तो गौतमीपुत्राचा मानला जातो. शत्रूनं दिलेलं दान नव्या राजानं आपल्या नावानं पुन्हा दिलं. गाव तेच, घेणारे तेच, हुकूम काढणारा तेवढा बदलला.

आपल्याकडे सरकार बदललं की आधीच्या सरकारची योजना बंद पडते, नाहीतर नाव बदलून नव्या फलकासह परत येते. मधल्या काळात कामं अडकतात, ठेकेदार कोर्टात जातात आणि ज्याला लाभ मिळायचा तो तालुक्याला खेटे घालतो. प्राचीन राजाकडून काही उचलायचंच असेल तर ही १८ व्या वर्षाची कागदपत्रं उचलावीत, असं माझं म्हणणं आहे. रणांगणावर वंश निःशेष करणारा राजा कचेरीत मात्र हिशेब मोडू देत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या. आपण पहिलीचं चित्र काढतो, दुसरीचं नावही घेत नाही.

मात्र या हुकमाला भाबडेपणानं दाद देऊनही चालणार नाही. शेताबरोबर राजा काही सवलती देतो. या शेतात राजपुरुषांनी शिरायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, प्रांताच्या बंदोबस्तवाल्यांनी ढवळाढवळ करायची नाही, शिवाय सर्व प्रकारची माफी. भिक्षूंसाठी हे चांगलंच झालं. पण या यादीकडे शेजारच्या शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. ज्या गोष्टींपासून भिक्षूंच्या शेताला माफी मिळाली, त्या बाकीच्या गावांच्या वाट्याला रोजच्या होत्या. सरकारी माणूस बांधावर यायचा, मिठावर सरकारचा हक्क सांगायचा, शिपाई यायचे. प्राचीन भारतातल्या सामान्य कुणब्याबद्दल थेट सांगणारं फार थोडं उरलं आहे. तो सापडतो तो असा, दुसऱ्याला दिलेल्या माफीच्या यादीतून. 'धर्मानं मिळवलेला करच वापरणारा' असं या राजाचं वर्णन त्याच्या आईच्या लेखात आहे. तो कर कुणी आणि कसा भरला, हे मात्र या यादीतूनच काढून घ्यावं लागतं.

दुसरा हुकूम वर्ष २४ चा, पहिल्याच्या लगोलग खाली कोरलेला. मला विचाराल तर गौतमीपुत्राच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोलाचा दस्तऐवज आहे. गोवर्धनला आता श्यामक नावाचा अमात्य आहे. हुकूम राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावानं निघतो. राजमातेला त्यात 'जीवसुता', म्हणजे जिचा मुलगा हयात आहे ती, असं म्हटलं आहे. मजकुराचा आशय असा: आमच्या धर्मदानाच्या या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी (पहिल्या हुकमातलं अपरकखडी) गावात शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसत नाही. तेव्हा नगराच्या शिवेवर आमचं जे राजकीय शेत आहे, त्यातली १०० निवर्तनं आम्ही त्यांना देत आहोत. सवलती आधीच्याच. शेवटी हुकूम कुणी तयार केला आणि अंमल कधी झाला याची नोंद आहे. तयार करणारी लोटा नावाची प्रतिहारी, म्हणजे राजद्वार राखणारी बाई, आहे.

मूळ प्राकृतात कबुली एका ओळीची आहे, 'तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति'. या ओळीसाठी मी शंभर बिरुदं सोडून द्यायला तयार आहे. कागदावर दिलेलं दान जमिनीवर पोचलंच नव्हतं. २०० निवर्तनं दिल्याची नोंद झाली, लेणं कोरणाऱ्याला मजुरी मिळाली, आणि प्रत्यक्षात गाव ओस, शेत पडीक. गाव का उठलं हे हुकमात नाही. ज्या पट्ट्यात सैन्यं आली-गेली तिथली गावं उठतात, एवढं कुणालाही कळतं. विजयानं शेत मिळालं आणि त्याच विजयाच्या पायी ते कसणारे पांगले असतील, तर युद्धाच्या जमाखर्चाची ही बाजूही राजाच्याच लेखणीतून उतरली म्हणायची.

दुरुस्तीला सहा वर्षं लागली हेही नोंदवायला हवं, आणि २०० च्या जागी १०० च मिळाली. शहराच्या शिवेवरची जमीन ओसाड गावातल्या जमिनीपेक्षा मोलाची असणार, त्यामुळे सौदा वाईट नसेलही. पण भिक्षूंनी या सहा वर्षांत किती वेळा अमात्याचा उंबरठा झिजवला असेल, याची कल्पना सातबारावरची चूक दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला चटकन येईल. फरक एवढाच, की इथं चूक झाल्याचं सरकारनंच लिहून दिलं, तेही दगडात, लेण्याच्या ओसरीच्या भिंतीवर, जुन्या हुकमाच्या लगोलग खाली. जुना हुकूम छिनलेला नाही. दोन्ही एकाखाली एक वाचता येतात. पुढे मुलाच्या, पुळुमावीच्या काळातही हेच घडलं. १९ व्या वर्षी दिलेलं सुदसण गाव २२ व्या वर्षी बदलून त्याऐवजी समलिपद गाव दिल्याचा हुकूम त्याच लेण्यात आहे. दिलेल्या दानाचं पुढे काय झालं हे पाहण्याची या घराण्याच्या कारभाराला सवय होती, असं यावरून म्हणता येतं.

आता आईच्या लेखाकडे. गौतमी बलश्री हे तिचं नाव. पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, मुलगा गेल्यावर कैक वर्षांनी, तिनं हे तिसरं लेणं भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना अर्पण केलं आणि वर नातवानं गाव दिलं. लेणं देखणं आहे. ओसरीखाली सहा धिप्पाड यक्ष तुळई खांद्यावर घेऊन जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात, आत १८ खोल्या. आराखडा जवळजवळ उषवदाताच्या दहाव्या लेण्यासारखाच, फक्त खोल्या दोन जास्त! तिथं १६, इथं १८. शत्रूशी चाललेली ही चढाओढ मला पुतळ्यांपेक्षा जास्त माणसाळलेली वाटते.

लेखात मुलाचं वर्णन ओळींमागून ओळी चालतं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. शक, यवन, पल्हवांचा नाश केला. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती या देशांचा तो राजा. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या बरोबरीचा. पौरजनांच्या सुखदुःखात सहभागी, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची आवड नसलेला, आणि आईची अखंड सेवा करणारा. शेवटचं विशेषण आईच्या लेखात यावं यात नवल नाही. बलश्रीनं स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवलं आहे. नवऱ्याचं नाव तिथं सांगितलेलं नाही. त्यावरून सातवाहनांकडे स्त्रीराज्य होतं असा निष्कर्ष काही जण काढतात. तो ओढूनताणून आहे, गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. पण हुकमावर राजमातेचं नाव आणि तो तयार करणारी प्रतिहारी बाई, एवढं तरी या दरबाराबद्दल पक्कं सांगता येतं.

या स्तुतीतली दोन विशेषणं आज फार कामाला लावली जातात. एक 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, दुसरं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. एका बाजूला त्यावर वर्णरक्षक राजाची प्रतिमा उभी राहते, दुसऱ्या बाजूला त्याच विशेषणांसाठी तो खलनायक ठरतो. दोघांनीही बोरिवलीच्या बाजूला कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जावं. तिथल्या एका संस्कृत लेखात याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी येते, आणि ती कार्दमक घराण्यात जन्मलेली, एका महाक्षत्रपाची मुलगी आहे. कार्दमक म्हणजे शकच. 'शकांचा नाश' आणि 'वर्णसंकर बंद' अशी द्वाही ज्या घराण्यानं फिरवली, त्याच घराण्यात शकांची लेक सून म्हणून आली. तिकडे गिरनारच्या पायथ्याशी महाक्षत्रप रुद्रदामनानं शकवर्ष ७२ मध्ये, म्हणजे इ.स. १५० मध्ये, लेख कोरवला. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून समूळ उखडलं नाही, असं तो म्हणतो. त्याच लेखात सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध प्रजेवर जादा कर किंवा वेठबिगार न लादता बांधल्याचाही दावा आहे. आणि त्याच्या राज्याच्या यादीत आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत ही सगळी नावं आहेत. जुन्या कालगणनेनं पाहिलं तर बलश्री नाशिकला हे देश मुलाच्या नावावर कोरवत होती, त्याच सुमारास ते शकांच्या ताब्यात परत गेलेले होते.

म्हणून आईचा लेख खोटा ठरत नाही. गेलेल्या मुलाचं वैभव ती आठवते आहे आणि दरबारी कवी शब्द पुरवतो आहे. तो त्या जातीचा दस्तऐवज म्हणूनच वाचायला हवा. प्रशस्तीतून राजाचा कारभार काढणं म्हणजे निवडणुकीच्या पत्रकावरून अर्थसंकल्प मांडणं.

राजा आपला की आंध्राचा, हा वाद मी चार ओळींत संपवतो. पुराणं या घराण्याला आंध्र म्हणतात, घराण्याची उत्तरकाळातली सत्ता कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडे होती, आणि २०१५ मध्ये अमरावतीचा पाया घालताना आंध्र प्रदेशानं हा वारसा अभिमानानं मिरवला. उलट सुरुवातीचे शिलालेख नाणेघाट आणि नाशिकचे, पैठणचं नाव ग्रीक भूगोलज्ञालाही पुळुमावीची राजधानी म्हणून ठाऊक, आणि बलश्रीच्या देशांच्या यादीत आंध्र हे नाव नाही. लेखांची भाषा प्राकृत. दोन्ही राज्यांना पुरून उरेल एवढा हा राजा आहे, त्याच्या जन्मदाखल्यावरून हमरीतुमरीवर येण्यात हशील नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. शेत, निवर्तनं, व्याजाचे दर शिकवून मुलांना इतिहासाची गोडी कशी लागणार? त्यांना वीर हवेत. मला हे पटत नाही. आठवीच्या वर्गात जोगलटेंभीच्या एका नाण्याचं मोठं छायाचित्र लावा आणि विचारा, खाली कुणाचं नाक दिसतंय, वरची टेकडी कुणाची, आणि ज्यानं ठसा मारला त्यानं आधीचं नाणं वितळवलं का नाही. तास संपला तरी पोरं जागची हलणार नाहीत. वर्ष १८ आणि वर्ष २४ चे हुकूम मराठी भाषांतरासह पुस्तकात शेजारी शेजारी छापा, दोन्ही मिळून एक पान पुरेल. पहिल्यात राजा काय देतो, दुसऱ्यात काय कबूल करतो, मधल्या सहा वर्षांत कखडी गावात काय झालं असेल, हे मुलांनाच लिहू द्या. ज्यांच्या घरी जमिनीचे कागद असतात, ज्यांच्या गावाचं पुनर्वसन झालेलं असतं, ती मुलं इतरांपेक्षा चांगलं लिहितील याची मला खात्री आहे.

नाशिककरांना तर हे शाळेवर सोडायचीही गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर फाळके स्मारकाशी उतरून पायऱ्या चढलं की तिसरं लेणं येतं. लोक यक्षांपुढे उभे राहून फोटो काढतात आणि खाली उतरतात. ओसरीच्या भिंतीवर, छताशी मान उंचावून पाहिलं तर ब्राह्मीच्या ओळी दिसतात. सोबत भाषांतराचा छापील कागद असेल, तर विष्णुपालित आणि श्यामक या दोन अमात्यांच्या नावचे ते हुकूम ओळीओळीनं जुळवायला अर्धा तासही लागत नाही.